कस, खूण आणि ओळखपत्र
(मुरगूड येथे आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा आमच्यापुढे प्रश्न होता. समाजोन्नती, शिक्षण, विवाहातील खर्चाला आळा हे विषय या व्यासपीठावरून दरवर्षी मांडले जातात, आणि आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते ते मांडतात. आम्ही आज बोलणार आहोत ते ओळखीविषयी. आपण म्हणाल, की वेदगंगेच्या काठी वसलेल्या या मुरगुडात ओळखीचे काय एवढे मोठे? येथे पेठेतून तलावाकडे निघालेल्या माणसाला वाटेत चार जण थांबवितात आणि त्याच्या आजोबांचे नाव सांगून ख्यालीखुशाली विचारतात. हे खरे आहे. परंतु जो व्यवहार तोंडदेखला होता तो आता यंत्राच्या तोंडाने होऊ लागला आहे, आणि यंत्राला आपले आजोबा ठाऊक नाहीत. तेव्हा आपली ओळख त्याला कशी पटवावी, आणि आपल्या नावाने दुसऱ्या कोणी ती पटवू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न आज प्रत्येक घराचा झाला आहे.

आमच्या नात्यात एक आत्ती आहेत. वयाने सत्तरीच्या पुढे, लिहिणे-वाचणे बेताचे. दुधाचे बिल आणि श्रावणबाळ योजनेचे मासिक वेतन त्यांच्या खात्यात जमा होते. गावातच अंगठा टेकवून पैसे देणारे केंद्र असल्यामुळे त्यांना बँकेची पायरी चढावी लागत नसे, आणि त्या सोयीचे त्यांना मोठे कौतुक होते. एके दिवशी खात्यात जमेपेक्षा पुष्कळच कमी रक्कम निघाली. चौकशी केली तेव्हा कळले की, मागील दीड महिन्यात चार वेळा, कोठल्याशा दूरच्या ठिकाणाहून, त्यांच्याच अंगठ्याने पैसे काढले गेले होते. बँकेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पण त्या माउलीने आपला उजवा हात पुढे करून जे शब्द उच्चारले ते आम्हांस विसरता येत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझा अंगठा माझ्याच हाताला हाय की रं बाळा! मग पैसं काडलं कुणी?"

आत्तींच्या या प्रश्नात आजच्या आपल्या साऱ्या विषयाचे सार आलेले आहे.

आपला व्यवसाय सोन्याचा. चकाकते ते सारे सोने नसते हे जगाला म्हण म्हणून ठाऊक आहे. आपल्याला ते पोटापाण्याचे शास्त्र म्हणून ठाऊक आहे. डाग हातात आला की आपले वडील काय करीत? प्रथम तळहातावर त्याचा भार जोखीत, मग कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहत, आणि तरीही शंका राहिली तर तो मुशीत घालीत. एका परीक्षेवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. कारण रंगाने फसविणारा भाराने पकडला जातो, भाराने फसविणारा कसाला उतरत नाही, आणि दोन्हींना चकविणारा अग्नीपुढे टिकत नाही. आज सरकारने हॉलमार्कची पद्धत घातली, तिचेही तत्त्व हेच. २०२१ च्या जुलैपासून दागिन्यावर मानक संस्थेचे चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक अशा तीन खुणा उमटू लागल्या, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या क्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई झाली. सोन्याला ज्या अनेक परीक्षा आपण लावतो, त्याच माणसाच्या ओळखीला लावणे, एवढाच आजच्या भाषणाचा मथितार्थ आहे.

ही कल्पना परदेशातून आली असे कोणी समजू नये. वाल्मीकींच्या रामायणात मारुतिराय अशोकवनात सीतामाईंपुढे उभे राहिले, तेव्हा त्यांनी आधी रामचंद्रांच्या देहाची लक्षणे वर्णिली आणि मग मुद्रिका हाती दिली. परत निघताना माईंनी चूडामणी दिला. पण केवळ रत्नावर न थांबता, चित्रकूटावर कावळ्याने त्रास दिल्याचा, राम आणि त्या स्वतः यांनाच ठाऊक असलेला प्रसंगही खूण म्हणून सांगितला. रत्न वाटेत चोरीला जाऊ शकते, कथा कोणी चोरून ऐकू शकतो; पण दोन्ही एकाच तोतयाच्या हाती लागणे कठीण. उलट, कालिदासाच्या शकुंतलेची सारी भिस्त एका अंगठीवर राहिली. ती अंगठी पाण्यात पडली आणि पतीच्या दरबारात ती परकी ठरली.

मराठी राज्याच्या व्यवहारातही हीच दक्षता होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटवीत आणि मजकूर संपला तेथे मोर्तब करीत, म्हणजे मागाहून कोणी दोन ओळी घुसडू नयेत. 'शिक्कामोर्तब' हा जोडशब्द आपण रोज वापरतो, पण त्यात दोन निरनिराळे पहारे एकत्र उभे आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. आणि जेथे एकाच खुणेवर लोक विसंबले तेथे काय घडले? १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. चेहरेपट्टीच्या साम्यावर त्याने हजारो लोक भारले, कोकणातील किल्ले घेतले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत राज्याची मोठी हानी झाली. चेहरा ही एक खूण खरी. पण ती एकटीच पुरेशी नाही.

आता ज्याला शास्त्रज्ञ 'बहुघटक प्रमाणीकरण' असे जड नाव देतात ते सोपे करून सांगतो. माणसाची ओळख तीन प्रकारांनी पटते. एक, त्याला जे ठाऊक आहे त्याने; म्हणजे परवलीचा शब्द किंवा पिन. दुसरे, त्याच्याजवळ जी वस्तू आहे तिने. म्हणजे कार्ड, किल्ली, ओळखपत्र. तिसरे, त्याच्या देहाने. म्हणजे अंगठा, डोळा, चेहरा. या तिघांपैकी निदान दोन प्रकार एकत्र यावेत असा हा नियम आहे. दोन परवलीचे शब्द विचारणे म्हणजे दोन परीक्षा नव्हेत. ज्याने एक ऐकला त्याने दुसराही ऐकला असेल. परीक्षा भिन्न जातीच्या हव्यात, जसा भार आणि कस.

आत्तींच्या बाबतीत काय झाले ते आता उलगडेल. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या त्या पद्धतीत तीन गोष्टी लागत: बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. पहिल्या दोन गोष्टी गुप्त नाहीत. आधारची छायाप्रत आपण किती ठिकाणी दिली याची आपल्यालाच गणती नसते. राहिला ठसा. तो आपण जमिनीच्या दस्तावर उमटवितो, भांड्यावर उमटवितो, काचेवर उमटवितो. देशात काही ठिकाणी नोंदणीच्या दस्तांवरील ठशांच्या प्रतिमा मिळवून, त्यांवरून रबरासारख्या पदार्थाचे अंगठे बनवून खाती लुटल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले आहे. ठशांवरून माणूस ओळखण्याचे शास्त्र आपल्याच देशात वाढले. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. पण तेथे त्याचा उपयोग गुन्हेगार ओळखण्याकडे होता, तिजोरी उघडण्याकडे नव्हे. पिन फुटला तर बदलता येतो, कार्ड हरवले तर रद्द करता येते. अंगठा मात्र बदलता येत नाही. म्हणून अंगठ्याला एकटे पाठवू नये. आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचाच आहे की नाही हे पारखण्याची नवी युक्ती योजिली, आणि आपला ठसा कुलूपबंद ठेवण्याची सोयही दिली आहे. ज्या घरात वृद्ध मंडळी आहेत, त्या घरातील तरुणांनी हे कुलूप लावून द्यावे, गरजेपुरते उघडावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

मग हातात धरण्याच्या कार्डाचे महत्त्व कशात आहे? एका वाक्यात सांगावयाचे तर, जे बोलून सांगता येते ते बोलून काढून घेता येते. पिन सांगता येतो, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगता येतो. शेकडो मैलांवरचा लबाड गोड बोलून तो काढून घेतो. पण कपाटातील कार्ड फोनवरून हाती देता येत नाही. चोराला आपल्या दारापर्यंत यावे लागते, आणि दारापर्यंत येणारा चोर हा फोनवरच्या चोराहून फार दुर्मीळ असतो.

मात्र कार्ड खऱ्या अर्थाने एकमेव असले पाहिजे. जुन्या कार्डांच्या पाठीवर काळी चुंबकीय पट्टी असे. तीत लिहिलेला मजकूर दर वेळी तोच. एकदा उतरवून घेतला की दुसरे कार्ड तयार. नव्या कार्डात सोनेरी चकतीखाली एक इवलेसे गणकयंत्र असते. त्याच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती बाहेर कधी येत नाही. यंत्र दर वेळी नवा प्रश्न टाकते आणि ते त्या किल्लीच्या आधारे नवे उत्तर देते. कालचे उत्तर चोरून आज उपयोग नाही. पट्टी म्हणजे पाटीवर लिहिलेला निरोप, तर ही चकती म्हणजे दाराशी उभा असलेला चतुर भालदार. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या डिसेंबरअखेर जुनी पट्टीची कार्डे बदलून चकतीची देण्याची मुदत घातली ती याच कारणास्तव.

त्याच वर्षी काय घडले हे आपल्या जिल्ह्याने विसरू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला आणि दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. दरोडेखोर बँकेत शिरले नाहीत. बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून रकमा काढल्या गेल्या, आणि अशी कार्डे घेऊन उभे राहिलेले काही लोक आपल्या कोल्हापुरातील यंत्रांपुढेही होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरविले. परंतु या घटनेत आणखी एक बोध आहे. येथे नुसती कार्डेच बनावट नव्हती. कार्ड खरे की खोटे हे सांगणारी बँकेची यंत्रणाच चोरट्यांनी बाजूस सारून, तिच्या जागी आपली खोटी यंत्रणा बसविली होती. म्हणजे कसोटीचा दगडच बदलला. तेव्हा कार्ड घेतले म्हणून सारे साधले असे नव्हे. परीक्षा घेणाराही विश्वासाचा असावा लागतो.

जगाचा अनुभवही असाच आहे. युरोपातील एस्तोनिया हा सुमारे १३ लाख वस्तीचा लहान देश. त्याने २००२ पासून प्रत्येक नागरिकास चकतीचे ओळखपत्र दिले. ओळख पटविण्यास एक पिन, सही करण्यास दुसरा पिन, आणि दोन्हींसाठी कार्ड हाताशी हवेच. २०१७ मध्ये त्या चकतीत दोष आढळला, तेव्हा सरकारने तो लपविला नाही. सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रे तहकूब करून ती नव्याने दिली. अमेरिकेतील गूगल कंपनीने २०१७ पासून आपल्या ८५,००० हून अधिक नोकरांना संगणकास लावण्याची छोटी किल्ली दिली, आणि पुढच्या वर्षी तिने सांगितले की, त्यानंतर फसव्या पत्रांच्या जाळ्यात सापडून एकाही नोकराचे खाते चोरट्यांच्या हाती गेलेले नाही. ज्या कंपनीत जगातील निष्णात संगणकशास्त्री आहेत, तिलाही शेवटी हातात धरण्याच्या वस्तूचा आधार घ्यावासा वाटला, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी.

पहिली, कार्डाची प्रत म्हणजे कार्ड नव्हे. छायाप्रत कोणीही काढतो आणि तीवरील छायाचित्र कोणीही बदलतो. आधारपत्रावर जो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर असतो, त्यात नाव, पत्ता व छायाचित्र प्राधिकरणाच्या अंकीय सहीसह साठविलेले असते. तो प्राधिकरणाच्या ॲपने वाचला की खरे-खोटे समजते. हॉलमार्कचा क्रमांक आपण तपासतो तसाच हा प्रकार आहे. प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी, आणि तीवर कारण व तारीख लिहावी.

दुसरी, पडद्यावर दाखविलेले ओळखपत्र म्हणजेही ओळखपत्र नव्हे. पोलिसांचा गणवेश घालून, मोबाईलच्या पडद्यावर बनावट कार्ड नाचवून, "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे" असे सांगून शहाण्यासुरत्या लोकांस लुबाडले गेले आहे. आपल्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. असा फोन आला की तो ठेवून द्यावा.

तिसरी आपल्या दुकानाची. अनोळखी माणूस मोड घेऊन येतो, गरज सांगतो, भाव कमी घेण्यास तयार होतो. आपण छायाप्रत ठेवून घेतो आणि निर्धास्त होतो. पुढे तो माल चोरीचा निघाला तर पोलीस प्रथम आपल्या पेढीवर येतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. आपण जाणून घेतला नाही हे दाखविण्यास मूळ ओळखपत्र तपासल्याची नोंद, विक्रेत्याचे दुकानातच काढलेले छायाचित्र, आणि त्याच्याच नावच्या खात्यात दिलेली रक्कम, हे तीन साक्षीदार उपयोगी पडतील. दोन तोळ्यांच्या लोभापायी तीन पिढ्यांची पत घालवू नये.

चौथी, फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, बँकेसही लेखी कळवून पोच घ्यावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो; पहिल्या तासाभरात कळविले तर तो वाटेत अडविता येण्याचा संभव अधिक.

शेवटी आपल्या संस्थेविषयी थोडे स्पष्ट बोलतो. त्याबद्दल मंडळींनी राग मानू नये. गतवर्षी आपल्या दोन सभासद कुटुंबांना फोन आला. बोलणाऱ्याने चिटणिसांचे नाव सांगितले, आवाजही तसाच. एका विद्यार्थ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीने मदत हवी, असे सांगितले. दोन्ही घरांनी क्षणाचाही विलंब न लावता पैसे पाठविले. असा विद्यार्थी नव्हता. आज थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाचाही आवाज यंत्राने बनविता येतो. पैसे किती गेले हे आम्ही सांगत नाही, कारण दुःख पैशांचे नाही. त्यानंतर खऱ्या गरजू मुलाच्या शुल्कासाठी आम्ही एका दारी गेलो, तेव्हा त्या सद्‌गृहस्थांनी आमच्याकडे संशयाने पाहिले. लबाडाने पैसे नेले ते भरून येतील. त्याने आपसांतला विश्वास नेला, तो कोणत्या खात्यातून आणावयाचा?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. संस्थेने प्रत्येक सभासद कुटुंबास क्रमांक, छायाचित्र, सही आणि मुदत असलेले ओळखपत्र द्यावे. त्यावर आधार क्रमांक मुळीच छापू नये. शिष्यवृत्ती वा मदत देताना मूळ पत्र पाहावे आणि कार्यालयाच्या नोंदवहीशी ताडावे. हरवल्यास त्याच दिवशी कळवून रद्द करावे. दुसरे, संस्थेच्या नावाने वर्गणी मागणाऱ्याने पदाधिकाऱ्याचे ओळखपत्र व पावतीपुस्तक दाखवावे, आणि देणाऱ्याने आलेल्या फोनवर विश्वास न ठेवता या स्मरणिकेत छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. तिसरे, प्रत्येक घराने आपला एक परवलीचा शब्द ठरवावा. पुण्याहून मुलाच्या आवाजात पैशांची मागणी आली तर आधी तो शब्द विचारावा.

यावर कोणी म्हणेल, "अहो, आपल्याच माणसाला ओळखपत्र मागायचे म्हणजे त्याचा अपमान नव्हे काय?" आमचे उत्तर असे की, आपल्या भावाने दिलेले सोनेही आपण कसोटीवर घासतो, आणि भाऊ रागावत नाही. कस लावणे हा अविश्वास नव्हे. तो धंद्याचा आचार आहे. ज्याच्याजवळ शंभर नंबरी सोने आहे त्याला दगडाचे भय नसते. ओळखपत्र मागितल्यावर जो हसतमुखाने ते काढून देतो तो आपलाच. जो घाई करतो, रागावतो, धमकावितो, तो कोण हे निराळे सांगावयास नको. येथे जे वयाने व मानाने मोठे आहेत त्यांनीच आपले पत्र प्रथम दाखविण्याचा पायंडा घालावा, म्हणजे लहानांना मागण्याचा संकोच वाटणार नाही.

आत्तींच्या पैशांचे काय झाले, अशी उत्सुकता आपल्याला असेल. तक्रार उशिरा झाल्यामुळे थोडी रक्कम परत मिळाली, बरीचशी गेली. आता त्यांच्या अंगठ्यास कुलूप आहे आणि त्या चकतीचे कार्ड वापरतात. कार्ड त्या कनवटीला लावतात आणि पिन, देवापुढे सोडल्यास, कोणापुढेही उच्चारीत नाहीत. परवा त्यांच्या दारी आम्ही गेलो असता त्या हसून म्हणाल्या, "ये बाळा. पण आदी तुजं कारड दाव!" आम्ही दाखविले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, आमच्या तोंडाकडे पाहिले, आणि मगच चहाचे आधण ठेवले. ज्ञातिबंधुभगिनींनो, या वृद्ध माउलीने नुकसान सोसून जे शिकून घेतले, ते आपण नुकसान न सोसता शिकावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.